वाटीची खूण

आले तेव्हा जिऱ्याएवढे होते,
म्हणून नावही तेच, मत्स्यजिरे.
फुगीर पिशव्यांतून, रात्रभर जीपमध्ये हिंदकळत
दारणेच्या काठच्या आमच्या तळ्यावर.
पिशवी आधी तशीच तरंगू द्यायची,
पाण्याला पाणी ओळखेपर्यंत.

मला धीर नव्हता.
वाटलं, प्रवासातून आलेत, उपाशी असतील.

घोटीच्या गिरणीतला कोंडा, शेंगदाण्याची पेंड,
दोन्ही पदराच्या फडक्यातून गाळलेलं.
सकाळी पाटीभर, दुपारी पाटीभर,
दिवेलागणीला हाताला लागेल तेवढं.
खाणाऱ्याचे घास मोजू नयेत,
हे सासूबाईंनी शिकवलेलं.
मी मोजले नाहीत.

नवव्या पहाटे
तळ्यावर तोंडंच तोंडं.
पाण्याला कुणी घाईघाईनं टाके घालावेत
तशी हजारो, उघडमीट, उघडमीट.
बघ वाळीबा, कशी मागतायत!
म्हणत मी पाटी उचलली,
तर दिरानं मनगट धरलं माझं.
त्यालाही नीट माहीत नव्हतं काही,
पण धरलं.

ते मागत नव्हते.
त्यांना श्वास पुरत नव्हता.

दुपारपर्यंत पीठचाळणीनं गोळा केले.
मोजायला बसले आणि सोडून दिलं.

धिंदळे सर आले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उतरले,
तळाचा मूठभर काळा गाळ माझ्या नाकाशी धरला.
नासक्या अंड्याचा वास.
"ओळखा," म्हणाले, "हे तुमचंच वाढलेलं.
त्यांनी खाल्लं नाही,
तर पाण्याला खावं लागलं."

तेव्हापासून स्टीलची वाटी.
पोरीचं नेलपॉलिश घेऊन आतून एक लाल रेघ.
दर दहा दिवसांनी फेकजाळं, ओल्या फडक्यात वीस जण,
किराण्याच्या काट्यावर वजन,
शंभरात पाच, असा हिशोब,
मग रेघ जराशी वर.
तीच वेळ, तीच जागा.
आभाळ भरून आलं की उपास.
वाटी संपायच्या आत ते पांगले, तर उरलेलं घरी.
शेजारणी म्हणाल्या, हिचा हात आखडला.
आखडला खरा.
आणि महिन्यात पहिल्यांदा काटा
आमच्या बाजूनं झुकला.

तरी एक गोष्ट वहीत बसेना.
एकाच दिवशी आलेले, एकाच पाण्यातले,
फडक्यात शेजारी शेजारी,
एक मधल्या बोटाएवढा,
एक अजून नखाएवढाच.
चार दिवस मी नुसती बसून राहिले काठावर.
बांधाच्या या टोकाला मी टाकायचे,
दांडगे आधी यायचे, पाणी फेसाळायचं,
मला बरं वाटायचं, किती भूक आहे बाई.
पलीकडे, लव्हाळ्याच्या सावलीत,
काही पाठी हलत होत्या
आणि येत नव्हत्या.

मग वाटी तीच, कोपरे चार.
लव्हाळ्याकडे चालत जाऊन, हळू, चिमटीनं.
पहिले दोन दिवस तिथलं तसंच बुडालं.
तिसऱ्या दिवशी पाण्यावर
भाकरीच्या पिठात बोट टेकवावं, तेवढीच खळी पडली.

कार्तिकात गिऱ्हाईक आलं अस्वल्यांचं, मुकण्याकडून.
जिऱ्यांची आता बोटुकली झालेली.
गाळणीत धरायचे, तळहातावर एकेक आडवी,
बोटाला भरली की बादलीत,
नाही भरली की परत तळ्यात.
मोजता मोजता आकडा मोठ्यानं म्हणत होते,
परत टाकलेल्यांचा नव्हता म्हणत.

पैसे वाळीबानं मोजले.
मी वाटी घासायला घेतली.
लाल रेघ नखानं खरवडून काढली,
राहिलेल्यांतल्या विसांचं वजन केलं
आणि पुष्कळ खाली, जवळजवळ बुडाशी,
नवी काढली.

संध्याकाळी तेवढीच वाटी घेऊन निघाले
तर सासूबाई दारातून म्हणाल्या,
एवढंसंच?
म्हटलं, हो. अजून लहान आहेत.