केस

सिलचरच्या कॉलेजात पहिल्या तासाला
डॉ. निरुपमा पुरकायस्थ यांनी फळ्यावर काहीच लिहिलं नाही.
एका म्हाताऱ्या नावाड्याला खुर्चीत बसवलं
आणि आम्हा चाळीस जणांना म्हणाल्या,
विचारू नका. ऐका.

तो खोकल्याबद्दल बोललाच नाही.
विकलेल्या नावेबद्दल बोलला,
सुनेनं करपवलेल्या सुक्या मासळीबद्दल,
पहाटे तीनला उशीखाली वाहणाऱ्या पाण्याबद्दल.
बाई लिहीत होत्या. पाऊण तास.
मग खसखशीहून जरा मोठ्या चार गोळ्या, कागदाची पुडी,
आणि: उद्या या, नावेचं राहिलंय.

छत्तीस वर्षं हेच.
चहामळ्यातल्या बायका, पाठीला पोर बांधलेल्या,
कोर्टातले कारकून,
अंधार पडल्यावर येणारे एक मोठे सर्जनसुद्धा.
गुवाहाटीहून मानाची शाल आली,
तिच्यात त्यांनी औषधांची पेटी गुंडाळली.
काचेला थंडी वाजते, म्हणाल्या.

एकदा मी विचारलंच, बाई, गोळीत असतं काय?
साखर.
आणि?
आणि तू. नीट ऐकलं असशील तर.
हे उत्तर मला पुरलं नाही. अजून पुरत नाही.

पण फुलमनीला आणलं ती दुपारही मी पाहिलीय.
आठ वर्षांची, पोट लाकडासारखं ताठ.
बाईंनी हात ठेवला,
पेटीचं झाकण लावलं,
रिक्षात स्वतः चढल्या
आणि सरकारी इस्पितळाच्या दारात
गळ्याच्या शिरा ताणून ओरडल्या.
दुसऱ्या दिवशी फळ्यावर पहिल्यांदा अक्षरं उमटली:
'पेटी कधी मिटायची'.
खाली सगळा फळा मोकळा.

बराकला पूर आला त्या साली
दवाखान्यात कमरेइतकं पाणी.
बाराशे बाटल्या तरंगल्या, लेबलं सुटून गेली,
सगळी औषधं एकसारखी दिसू लागली.
आम्ही रडकुंडीला.
गच्चीवरून बाई हसत होत्या,
चला, नदीच झाली दोनशे पोटेन्सीची,
आता थेट बांगलादेशापर्यंत एकेक डोस!

शेवटी त्या खाटेवर आणि मी खुर्चीत.
कुठे दुखतंय, मी विचारलं.
चुकलास. तीन मार्क गेले.

मग गप्प बसलो.
घड्याळ. कावळा. शेजारी कुणीतरी मोहरी वाटत होतं.
बऱ्याच वेळानं त्या एका नावेबद्दल बोलू लागल्या.
कुठली नाव, ते कळलं नाही.
मी लिहीत राहिलो.