दुसरा फोन

नारिनला जानेवारीत
दाराची कडीसुद्धा हाताला चिकटते.
केंद्रात खाटा सहा, कोळसा मोजून, फोन एक.

साहेब म्हणाले, महिन्याला चाळीसच कॉल,
दुसरी लाइन हवी कशाला?

तोल्गोनायने त्यांच्याच टेबलावरून
आमचा नंबर फिरवला.
एंगेज.
पुन्हा. पुन्हा.
साहेबांचा चहा निवत गेला.
"अशा बायका," ती म्हणाली,
"तुमच्या चाळिसात नाहीत."

मार्चमध्ये आला. हिरवा, कुणाचातरी वापरलेला,
आकड्यांतला सात घासून गेलेला.
रात्री दोनला पहिल्यावर एकजण
कुजबुजत पत्ता विचारत होती,
तेवढ्यात हिरवा वाजला.
पलीकडे नुसता श्वास, आणि उकळणारी किटली.

दोन कानांना दोन फोन लावून
मी म्हटलं, "ऐकतेय. सावकाश."

दोघींनाही वाटलं,
आपल्यालाच म्हटलं.