श्रेणी निवडा

मे महिना. सिव्हिल लाइन्समधली आमची दगडी इमारत
दुपारी तीनला तव्यासारखी.
अभिलेख कक्षात एकच कूलर, आणि कागदांना ओल लागते
म्हणून तो बंद ठेवावा, असं परिपत्रक.
हेडाऊ दफ्तरी गठ्ठे सोडतो, मी स्कॅन तपासते,
आणि दर नस्तीमागे पडद्यावर तोच हुकूम:
श्रेणी निवडा.

सामान्य, मर्यादित, गोपनीय, अतिगोपनीय.
काहीच निवडलं नाही तर यंत्र आपणहून गोपनीय धरतं.
कुणा घाबरट माणसानं बनवलं असावं.
श्रेणी वर चढवायला एक टिचकी पुरते.
खाली आणायची तर तीन सह्या आणि एक कारण,
तेही किमान पन्नास अक्षरांचं.

चौऱ्याहत्तर सालची एक जाडजूड नस्ती. लाल शाईत
अतिगोपनीय, खाली दोन रेघा,
दुसरी तर कागद फाडून गेलेली.
हेडाऊनं गाठ सोडली तेव्हा आम्ही दोघंही
जरा मागे सरलो.
आत: साहेबांच्या बंगल्याला वाळ्याचे ताटे, नग आठ.
पोचले सहा.
उरलेले दोन कुठे गेले, यावर बावीस पानं टिपणी,
चार स्मरणपत्रं, आणि शेवटी
प्रकरण दप्तरी दाखल करावे.
"येवढ्यासाठी काहून लपवून ठेवलं असन, म्याडम?"
इतक्या वर्षांनी वास येणार नव्हताच,
तरी मी एक पान नाकाशी नेलं.
धूळ. नुसती धूळ.
दोन ताट्यांची ती गोष्ट अजून अतिगोपनीयच आहे.
पन्नास अक्षरांचं कारण मला सुचलं नाही.

मग सत्त्याऐंशीची एक, अगदी पातळ.
आवरणावर पेन्सिलीनं कुणीतरी: सामान्य.
गिरणीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरविरुद्ध
आठ बायांचा अर्ज.
पाच अंगठे, तीन सह्या. पुढे नाव, वय, नवऱ्याचं नाव,
तांडापेठेतली गल्ली, विहिरीजवळचं घर,
सापडायला अवघड जाऊ नये अशी सगळी सोय.
काय झालं ते अर्जात दीडच ओळ.
खाली टंकलेलं:
प्रत माहितीस्तव, संबंधित डॉक्टर.

हेडाऊ या वेळी काही बोलला नाही.
पाणी आणतो म्हणाला, आणि बराच वेळ आला नाही.

इतकी वर्षं ही नस्ती
दोन रुपये पानाप्रमाणे कुणालाही मिळाली असती.
कुणी मागितली नाही, हे बरं म्हणू
की तेच वाईट?

तिसरी सही मी पुन्हा पाहिली.
त्यातला ळ, पोट फुगलेला, शेपटी आत वळलेली.
हा ळ मी लहानपणापासून वाचते आहे,
लोणच्याच्या बरणीवर चिकटवलेल्या चिठ्ठीत:
आवळा.
आडनाव माहेरचं होतं. वय एकवीस.
नाव मी इथेही लिहीत नाही.

मी अतिगोपनीयवर टिचकी मारली. जतन केलं.
मग एकदाच, नीट पाहावं म्हणून
नस्ती परत उघडायला गेले, तर पडद्यावर:
आपणास ही नस्ती पाहण्याचा अधिकार नाही.
खरंच आहे. माझी पायरी गोपनीयपर्यंतची.
हेडाऊनं गठ्ठा बांधला, आज दोन गाठी मारल्या.

रात्री घरी लाइट गेलेली. ओसरीवर पानं मांडलेली.
ती म्हणते, तोंड का उतरलंय, ऊन लागलं का,
कांदा ठेव खिशात, कितीदा सांगितलं.
आणि बरणीत चमचा घालून
अंधारातही बरोबर माझ्याच ताटात फोड वाढते.
मी मनात पन्नास अक्षरं जुळवत बसते.
एकोणीसपर्यंत जाते.
मग फोड तोंडात टाकते, आधी तुरट,
आणि पाणी प्यायल्यावर, नेहमीसारखी, गोड.