बाकी दोनशे

फोनवर तिनं आधी एवढंच विचारलं,
काका, तो खांद्यावरचा कॅमेरा अजून चालतो का?
म्हटलं, कॅमेरा चालतो. खांद्याचं बघावं लागेल.

नेरूळ, सेक्टर वीस. स्टुडिओची पाटी अजून आहे,
आत झेरॉक्स आणि पासपोर्टचे आठ फोटो.
मुलगी यामिनी घरत, लिफ्ट दुरुस्त करते.
मुलगा सिबी, रात्रपाळीचा नर्स.
तीस दिवस दोघांची नावं ठाण्याच्या कचेरीत
फळ्यावर होती. कुणी हरकत घेतली नाही.
घरच्यांनी घेतली, पण ती फळ्यापर्यंत गेली नाही.

रोल एकच, तिनं बजावलं. काळा-पांढरा, छत्तीसचा.
आणि दाणे येऊ द्या, काका.
दाणे!
जन्मभर मी दाणे घालवत आलो,
हॅलोजन मारून नवऱ्यामुलांना घाम फोडला,
एकाची टोपी पिवळी पडली.

साहेबांनी शिक्का मारला तेव्हा
मी फोकस लावत होतो. हुकला.
'पुन्हा मारा' जिभेवर आलं होतं;
हारसुद्धा तीन-तीनदा घालायला लावलेत मी एके काळी.
गिळलं.

संध्याकाळी गच्ची. पाण्याच्या टाकीखाली सतरंजी,
पंधरा माणसं, मोबाइल सगळे भाजीच्या टोपलीत.
भटजी नाही, पाद्री नाही.
दोघांच्या मधोमध टाकीची सावली पडली होती,
ती सरकेपर्यंत सगळे थांबले.
कुणी सांगितलं नव्हतं.

तिनं खिशातून कागद काढला :
मी घोरते. चहाच्या आधी हा विषय काढायचा नाही.
त्याच्याकडे कागद नव्हता.
तो म्हणाला, त्याच्या त्या मराठीत,
मी सकाळी येईल तेव्हा तू दार उघडायला उठू नको.
चावी आहे माझ्याकडे. तू झोप.

माझा व्ह्यूफाइंडर धुरकट झाला.
जुनी रबरं, दमट हवा, असं होतं.

कोट्टायमच्या अम्मासाठी एक फोन टोपलीतून वर आला.
कॅमेऱ्यानं तो पडदा पाहिला की काळे पट्टे येतात,
तिच्या कपाळावरून हनुवटीकडे, पुन्हा कपाळावरून.
ती काहीतरी लांबलचक बोलली.
सिबी टाकीच्या पाइपाकडे बघत राहिला.
कुणी भाषांतर मागितलं नाही, टेपनं सगळं घेतलं.

खाडीवरून फ्लेमिंगो गेले, शंभरेक.
मी तीन फ्रेमा घालवल्या त्यांच्यावर,
धुतल्यावर बगळे निघाले.

छत्तीस झाल्या. मी झाकण लावत होतो
आणि जिन्याच्या दारात तिचे वडील.
करावे गावातून चालत आलेले,
एक पाय गच्चीवर, एक आतच,
हातात ठिबकणारी पिशवी, पिशवीबाहेर जिताड्याची शेपटी.
यामिनी जागची हलली नाही. तेही नाहीत.
मी सवयीनं लिव्हर ओढला,
तो गेला.
कंपनी एखादी फ्रेम जास्तीची देते, बोलत नाही कुठे.
ती अर्धी जळालेली आली आहे.
शेपटी स्पष्ट आहे, आणि पायातली एक चप्पल.

कॅसेट नवी मिळत नाही हल्ली.
कपाटातली एक घेतली होती, पडून राहिलेली.
आठ दिवसांनी दुकानातल्या टीव्हीवर लावली दोघांसाठी.
गच्ची संपली, पडद्यावर मुंग्या आल्या,
आणि मुंग्यांतून एकदम एक हॉल, शहाण्णव सालचा,
'...वधान' एवढंच, मग ताशा,
मुंडावळ्यांच्या आत नाक पुसणारा एक नवरा,
शेजारी हसू दाबणारी बाई.

मी बंद करायला उठलो.
राहू दे, यामिनी म्हणाली.
दोघांनी ते लग्नही शेवटपर्यंत पाहिलं,
पंगतीसकट.
कोण आहेत हे, सिबीनं विचारलं.

गिऱ्हाईक, म्हटलं. कॅसेट न्यायला आलेच नाहीत.
कडेच्या कागदावर माझंच अक्षर, पुसट :
बाकी रु. २००.

पाटी काढा, पाटी काढा म्हणतो मुलगा.
बघू.