कन्फर्मेशन बाकी

मनामाला, अकराव्या मजल्यावर, माझं काम साधं होतं.
फॅक्सवर आलेला कागद आमच्या नोंदीशी ताडून बघायचा.
जुळला तर शिक्का,
नाही जुळला तर ट्रे.
ट्रे तीन होते. मार्चपर्यंत सात झाले.

कागदावर लिहिलेलं असायचं,
अमुक कंपनी बुडाली तर आम्ही तुम्हाला इतके कोटी देऊ.
देणाऱ्याकडे तेवढे आहेत का, हे विचारायचा रकाना नव्हता.
घेणाऱ्याने त्या कंपनीला कधी दिडकी उधार दिलेली नसायची.
आणि अमुक कंपनीला
यातलं काहीच ठाऊक नसायचं.

पहिल्याच आठवड्यात मी डंकनला विचारलं, हा विमा ना?
त्याने दार लावून घेतलं.
विमा म्हटलं की गंगाजळी राखून ठेवावी लागते, म्हणाला,
वर तपासायला माणसं येतात.
याला स्वॅप म्हणायचं.
मी वहीत लिहून घेतलं : स्वॅप म्हणायचं.

शेजारच्या टेबलावर खलफ, मुहर्रकचा.
त्याचा आजा मोत्यांसाठी बुडी मारायचा,
नाकाला कासवाच्या पाठीची चिमटी, पायाला दगड,
वर होडीत दोर धरून एक माणूस.
डोक्यावर नाखुद्याचं कर्ज. (नाखुदा म्हणजे आपला नाखवा.)
आजा गेला तेव्हा ते बापाच्या डोक्यावर आलं.
मग कायदा झाला, ज्याची त्याला वही मिळाली.
खलफच्या घरी ती अजून आहे.
शेवटच्या पानावर एकशे बारा रुपये बाकी.
आपलेच रुपये. तिथे तेव्हा तेच चालत.

सप्टेंबरात, एका सोमवारी, न्यूयॉर्कची एक जुनी पेढी बसली.
रमजान चालू होता. मी पाणी पँट्रीत लपून प्यायचे.
डंकन सातही ट्रे गालिच्यावर उपडे करून
त्यांच्या मधोमध मांडी घालून बसला.
पहिल्याकडून घेतलेला भरवसा आम्ही दुसऱ्याला विकलेला,
दुसऱ्याने तिसऱ्याला,
तिसऱ्याने परत पहिल्याला, थोडं कमिशन ठेवून,
आणि पहिला फोन उचलत नव्हता.
काही कागदांवर समोरच्याचं नावच बदललेलं,
आम्हाला न कळवता.
एका कंपनीवर तर तिच्या कर्जाच्या नऊपट बोली.
मी बेरीज केली. परत केली.
तिसऱ्यांदा केली नाही.

कोरड्या ओठांनी खलफ म्हणाला,
आज्याने दोर एकदा हिसडला की वरचा ओढायचा.
इथे दोर किती आहेत, बघ.
मी म्हटलं, आमच्यात म्हणतात, बुडत्याचा पाय खोलात.
पण तो खोलात जावा म्हणून
भलत्याच बंदरात बसून पैसे लावणारे
आमच्या म्हणीत नव्हते.
तो हसला नाही.
पडद्यावर दोराची किंमत दर मिनिटाला वाढत होती,
धरायला कुणी नव्हतं.

त्याच हिवाळ्यात दुबईत माझा भाऊ उदयन
गाडीच्या हप्त्याचा एक चेक वटला नाही म्हणून
चौकीत बसला अकरा दिवस.
त्याच्या चेकवर सही होती, तारीख होती,
सगळं जुळत होतं.
आमच्या सात ट्रेंपायी
कुणाला चौकीतला चहासुद्धा प्यावा लागला नाही.

जानेवारीत डंकन गेला. चावी टेबलावर, कोट खुर्चीवर.
त्याच आठवड्यात एक फॅक्स आला, नंबर चुकून,
दुसऱ्याच दोन बँकांमधला.
नेहमीचाच मजकूर. सवयीने मी नोंद शोधू लागले,
आणि मग अमुकच्या जागी
आमचंच नाव वाचलं.
स्पेलिंगसुद्धा बरोबर होतं.

खलफ नमाजाला गेला होता.
कागद अजून कोमट होता.
मी तो थोडा वेळ हातात धरला,
मग ट्रे शोधला.
सातही भरलेले.