कळून काय करणार

डंडीत, सीगेटच्या बसस्टँडमागं,
तिसऱ्या मजल्यावर आमची टेस्ट लॅब.
चाळीस राउटर, एक न लागणारी खिडकी,
आणि खिडकीत टे नदीवरून चढत आलेलं धुकं.

तीन वाजून बारा मिनिटांनी सतरा नंबरचं कार्ड मरतं.
मरतं म्हणजे आतलं फर्मवेअर कोसळतं,
ड्रायव्हर त्याला तोंडावर पाणी मारून उठवतो
आणि वर कुणाला काही बोलत नाही.
वर पडद्यावर चारच्या चार पट्ट्या हिरव्या.
माणसाला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं,
तो खोली बदलतो, फोन झटकतो.
खाली कर्नलच्या लॉगात एक ओळ पडून असते,
कुणी उकरलंच तर सापडेल अशी.

मी म्हटलं, निरोप वरपर्यंत जायला हवा.
एवढासा इव्हेंट : कोसळलं. कधी. कितव्यांदा.
ॲलिस्टरनं मग खाली ठेवला.
वीस वर्षं ड्रायव्हर लिहितोय, माणूस सरळ.
म्हणाला, सावरतंय ना आपलं आपण?
मग कशाला? कळून काय करणार ते?

तो इंग्रजीत बोलला.
मला ऐकू आलं ते बार्शीहून,
विश्रामदादाच्या आवाजात :
तू तिथनं काय करणार होतीस गं?

आबांना ॲटॅक आला माघात.
मला कळला पाडव्याला,
तेही त्यांनी श्रीखंडाची वाटी सरकवली म्हणून.
मधले सहा रविवार
व्हिडिओत आबा, मफलर गळ्यापर्यंत,
कॅमेरा कुणीतरी जरा वरच धरलेला.
"आम्ही मजेत. तुमच्याकडं थंडी काय म्हणते?"
मी थंडीबद्दल सांगत बसायचे.

ॲलिस्टरला यातलं काही सांगितलं नाही.
पॅच लिहिला. साठ ओळी.
त्यानं इव्हेंटचं नाव दोनदा बदलायला लावलं,
एक लॉक चुकलेला पकडला,
बरोबरच होतं त्याचं.
मग सही केली, म्हणाला,
आता ही खोकी फार बोलणार.

शुक्रवार. तीन-बारा. सतरा नंबर.
या वेळी पडद्यावर ओळ आली :
फर्मवेअर कोसळलं, या आठवड्यात पाचव्यांदा.

करण्यासारखं काही नव्हतं.
मी खुर्ची ओढली
आणि ते उठेपर्यंत
त्याच्यापाशी बसून राहिले.