वेणांमधली साक्ष

कोर्टाच्या तळघरात हीटर खडखडतो
आणि बुटांवरचं बर्फ वितळून खुर्चीखाली साचतं.
कारकून पोरगी म्हणते, पेन बाहेर ठेवा, मॅडम, फक्त पेन्सिल.
मला काय. मी अकरा वर्षं पेन्सिलनंच लिहितेय.

सतराशे त्रेचाळीस, फेब्रुवारी.
बेथाया फर्नल्ड, वय अठरा, लग्न नाही,
प्रॅटांच्या घरी कामाला.
सुईण हॅना टटल शपथेवर सांगते:
कळा टिपेला पोचल्या तेव्हा मी हात आखडता घेतला
आणि विचारलं. तीनदा विचारलं.

तशी रीतच होती मॅसॅच्युसेट्समध्ये.
मरणाच्या उंबऱ्यावर बाई खोटं बोलत नाही
असं पुरुषांनी ठरवलं होतं,
आणि विचारायचं काम बाईकडे दिलं होतं.

तीनदा तिनं एकच नाव घेतलं:
ओबडाया प्रॅट.
मग गावानं तिला नावं ठेवली.
मग पोराला नाव ठेवलं, सायलस,
आडनाव आईचं, तेच आजही माझ्या लायसनवर.

मी गाडी थेट वेंडेलच्या दारात नेली.
मिळाला रे, म्हटलं, दोनशे ऐंशी वर्षांनी मिळाला!
भाऊ सूप ढवळत होता. म्हणाला, आता काय, कार्ड पाठवायचं?

एप्रिलात बर्फ उतरलं, स्मशानात गेले.
पाटीच्या दगडाच्या दोन शिळा, वर पंख फुटलेली कवटी.
ओबडाया प्रॅट, डीकन, सात लेकरांचा बाप,
त्या हिवाळ्यात बावन्न वर्षांचा.
शेजारी ओबडाया प्रॅट, त्याचा पुतण्या,
त्या हिवाळ्यात एकोणीस;
पुढे लुईबर्गच्या वेढ्यात गेला, शिळेखाली कोणी नाही.
एकच छप्पर, एकच चूल,
माळ्यावर, जिथे बेथाया निजायची,
तिथे जायला शिडीही एकच.

वेंडेलची थुंकी नळीत घालून धाडली.
सहा आठवड्यांनी उत्तर: रक्त प्रॅटांचंच.
ते तर दोघांचंही तेच,
एकाच्या बापाचं, दुसऱ्याच्या आजाचं.
विज्ञानही शिडीच्या पायथ्याशी येऊन थांबलं.

खरं सांगते, मला पुतण्या हवाय.
एकोणीस आणि अठरा, गोठ्यामागे चोरून दिलेलं सफरचंद,
युद्धावर जाताना मागे वळून बघणं...
हे सगळं मी रचलंय, कुठल्याच कागदावर नाही.
कागदावर एवढंच आहे की ती डीकनची मोलकरीण होती
आणि रात्री दार लावायचा अधिकार डीकनचा.
कधी आरशात हनुवटी बघते.
कुणाची गं तू?

दंड झाला होता तिला: पाच पौंड, नाहीतर दहा फटके.
पावती आहे. पैसे भरले.
भरणाऱ्याची सही: ओ. प्रॅट.
मी इतकी मोठ्यानं हसले की पोरगी कपाटामागून डोकावली.

तक्त्यात सायलसच्या वरची चौकट
लिहून, खोडून इतकी झिजलीय
की कागदाला भोक पडलंय, टेबलाचं लाकूड दिसतं.

आणि काल, परतीच्या वाटेवर, पेट्रोल भरताना सुचलं:
हॅना टटलनं पुढचा प्रश्न विचारला नाही, कोणता ओबडाया?
कारण त्या खोलीत कुणालाच तो पडला नव्हता.
पाणी तापवणारी, खांदे धरून बसलेली,
सगळ्या बायकांना ठाऊक होतं.
त्यांच्यासाठी नाव पुरेसं होतं.
लिहून घेणाऱ्यालाही, कदाचित, म्हणूनच.

साक्षीची शेवटची ओळ पुन्हा उतरवून घेतली:
मूल जिवंत आहे. चूल रात्रभर पेटती ठेवली.
माझे तीन शिलिंग अजून येणे आहेत.